कॅमेरा टाक आणि पळ

जुलै २००७मध्ये अमेरिकेत 'ट्रान्सफॉर्मर्स' पाहायला गेलेल्या प्रेक्षकांना मुख्य चित्रपटाआधी एक विचित्र जाहिरात बघायला मिळाली. न्यूयॉर्कमधल्या एका फ्लॅटवर तरुण मंडळींची पार्टी चालली आहे, त्यांच्यातला एक जण परदेशी निघाला आहे आणि कुणाच्या तरी हातातला घरगुती कॅमेरा या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर भिरभिरतो आहे. अचानक हादरा बसतो. दिवे जातात. सगळे गच्चीवर धावतात, तर दूरवर आगीचा लोळ उठलेला. जीव मुठीत धरून मंडळी खाली रस्त्यावर येतात आणि कुठूनतरी भिरकावलेलं, ओरखडे पडलेलं एक अजस्र मुंडकं आदळत, घरंगळत त्यांच्या पुढ्यात येऊन थांबतं. मुंडकं स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं. मग पडद्यावर निर्माता जे. जे. एब्रम्सचं नाव येतं, एक तारीख येते, १८ जानेवारी २००८, आणि जाहिरात संपते. चित्रपटाचं नाव कुठेच नाही.

नाव न सांगता चित्रपटाची जाहिरात करणं म्हणजे धंद्याच्या दृष्टीने आचरटपणाच. पण तो लागू पडला. पुढचे कित्येक महिने लोक तर्क लढवत राहिले. मुंडकं कुणी उडवलं? राक्षस आहे की परग्रहवासी? कसल्याशा जपानी शीतपेयाच्या खोट्या जाहिराती कशाला फिरताहेत? 'क्लोव्हरफिल्ड' हे नाव कळलं तेव्हाही कोडं सुटलं नाही, कारण ते लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या एका रस्त्याचं नाव होतं. गुप्तता इतकी होती की नटांनाही निवडीच्या वेळी पटकथा दिली गेली नव्हती. एब्रम्सच्या जुन्या मालिकांमधले प्रवेश त्यांच्याकडून वाचून घेतले गेले.

त्या मुंडक्याचीच एक गंमत आहे. जाहिरात पाहून अनेकांनी तक्रार केली की मुंडकं फारच लहान दिसतं. खऱ्या पुतळ्याचं डोकं हनुवटीपासून माथ्यापर्यंत सव्वासतरा फूट, म्हणजे साधारण सव्वापाच मीटर उंच आहे, आणि जाहिरातीतलं माप त्याला धरूनच होतं. तरी लोकांच्या डोळ्यांना ते पटेना. शेवटी चित्रपटात ते सुमारे दीडपट मोठं करण्यात आलं. 'अगदी खरं वाटावं' ही या चित्रप्रकाराची पहिली अट, आणि ती पाळायची तर खऱ्या मापाला सोडचिठ्ठी द्यावी लागली. हा विरोधाभास या सगळ्या प्रकारालाच चिकटलेला आहे.

चित्रपटाची कल्पना एब्रम्सला सुचली जपानमध्ये. 'मिशन: इम्पॉसिबल ३'च्या प्रसिद्धीसाठी तो तिकडे गेला होता, मुलगा बरोबर होता. खेळण्यांच्या दुकानात दोघांना मांडणीवर गॉडझिलाच गॉडझिला दिसले. जपानकडे स्वतःचा असा एक राक्षस आहे, तसा अमेरिकेकडेही असायला हवा, असं त्याच्या मनानं घेतलं. आता अमेरिकेकडे किंग काँग होताच, १९३३पासून. पण काँगबद्दल प्रेक्षकांना शेवटी माया वाटते. एब्रम्सला हवा होता तो अंगावर येणारा, डोकं भणाणून सोडणारा राक्षस.

गॉडझिलाचा जन्म मात्र खेळण्याच्या दुकानातला नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. 'फुकुर्यू मारू' नावाची जपानी मासेमारी नौका तेव्हा त्या टापूत होती. तिच्यावरच्या २३ खलाशांच्या अंगावर किरणोत्सारी राख पडली आणि त्यांचा रेडिओ ऑपरेटर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दगावला. नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' झळकला. जपानी प्रेक्षकाला तो प्राणी कशाचं रूप आहे हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या चित्रपटात एक छोटासा प्रसंग आहे. राक्षस टोकियो तुडवत निघाला आहे आणि एका उंच मनोऱ्यावर प्रक्षेपण करणारी माणसं समोर दिसतंय त्याचं वर्णन करत उभी आहेत. तो जवळ येतो, मनोऱ्याला हात घालतो, तरी निवेदक बोलतोच आहे. श्रोत्यांचा निरोप घेतो आणि मनोऱ्यासकट खाली जातो. माइक टाकून पळावं, हे त्याच्या मनाला शिवतही नाही. पुढे पन्नासेक वर्षांनी 'क्लोव्हरफिल्ड'ने या एका माणसाला उचललं आणि अख्खा चित्रपट त्याच्या हाती दिला.

फाउंड फुटेज, म्हणजे 'सापडलेलं चित्रण', या प्रकारात कथा सांगणारा दिग्दर्शक नसतोच, असं मानायचं असतं. कुणीतरी काहीतरी चित्रित करत होतं, त्या माणसाचं पुढे काय झालं देव जाणे, चित्रण तेवढं हाती लागलं. ते जसंच्या तसं तुमच्यापुढे ठेवलं आहे, असा बहाणा. 'क्लोव्हरफिल्ड' सुरू होतो तो अमेरिकी सरकारच्या कोरड्या मजकुराने: हा कॅमेरा 'पूर्वी सेंट्रल पार्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या' भागात सापडला. त्या 'पूर्वी'मध्येच अर्धी कथा उरकते. मग पार्टी, हादरा, मुंडकं आणि पुढची धावाधाव. रॉब नावाचा तरुण नोकरीसाठी जपानला निघालेला. त्याची मैत्रीण बेथ शहराच्या दुसऱ्या टोकाला कलंडलेल्या इमारतीत अडकलेली. तिला सोडवायला तो आणि दोनचार मित्र उलट्या दिशेने, म्हणजे राक्षसाकडे, निघतात. कथा एवढीच आहे. खरं सांगायचं तर पात्रं फारशी लक्षात राहत नाहीत. पार्टीचा पहिला भाग तर पुष्कळांना चिडचिड होईल इतका लांबतो.

लक्षात राहतो तो हड. पार्टीत निरोपाचे चार शब्द टिपायचं काम त्याच्या गळ्यात पडतं आणि मग रात्रभर कॅमेरा त्याच्याच हातात. टी. जे. मिलर हा नट चित्रपटभर असतो, पण दिसतो क्वचित; ऐकू येतो अखंड. तो घाबरला की चित्र हलतं, तो पळाला की जमीन दिसते, तो पडला की आडवं जग दिसतं. राक्षस कसा आहे हे आपल्याला कळत नाही, कारण हडने त्या क्षणी दुसरीकडे पाहिलेलं असतं. दोन इमारतींच्या फटीतून एक पाय, धुळीच्या पडद्याआड सरकणारी पाठ, पुलावर फटका मारून गेलेली शेपटी, एवढंच हाती लागतं. त्यातल्या त्यात नीट दर्शन घडतं ते एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. लुटालूट चालली आहे, काही लोक मांडलेल्या टीव्हीसमोर खिळून उभे आहेत, बातम्यांमध्ये हेलिकॉप्टरवरून घेतलेलं दृश्य चालू आहे आणि हड ते टीव्हीवरून टिपतो. दोन चौकांपलीकडचा राक्षस लोकांना टीव्हीतच नीट दिसतो. दिग्दर्शक मॅट रीव्हज आणि लेखक ड्रू गॉडर्ड यांची ही खोच चित्रपटातल्या कुठल्याही स्फोटापेक्षा सरस आहे.

आणखी एक युक्ती टेपची. ही मारामार ज्या टेपवर चित्रित होते आहे तिच्यावर आधीचं काहीतरी होतं. रॉब आणि बेथ महिन्यापूर्वी कोनी आयलंडच्या जत्रेत गेले होते, त्या सुखाच्या दिवसाचं चित्रण. हडने कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला की मधल्या फटीतून तो जुना दिवस क्षणभर डोकावतो. फ्लॅशबॅकसाठी वेगळा दिग्दर्शक लागत नाही, निष्काळजीपणे पुसलेली टेप पुरते. घरातल्या बारशाच्या कॅसेटवर कुणीतरी क्रिकेटची मॅच रेकॉर्ड केल्याचं दुःख ज्या पिढीने भोगलं आहे, तिला ही युक्ती बरोबर लागते.

हा प्रकार 'क्लोव्हरफिल्ड'ने शोधला नाही. इटालियन दिग्दर्शक रुजेरो देओदातोचा 'कॅनिबल होलोकॉस्ट' १९८०मध्ये मिलानमध्ये लागला आणि थोड्याच दिवसांत जप्त झाला. ॲमेझॉनच्या जंगलात बेपत्ता झालेल्या चित्रपट पथकाची रिळं सापडतात, अशी ती कथा. नटांनी वर्षभर कुठे दिसायचं नाही असा करार केलेला असल्याने ते खरोखरच मेले की काय अशी शंका निघाली आणि देओदातोला ते जिवंत असल्याचं अधिकाऱ्यांपुढे सिद्ध करावं लागलं. माणसं सुखरूप होती. जनावरं मात्र कॅमेऱ्यासमोर खरीच मारली होती, आणि त्या चित्रपटाचं नाव आजही त्यासाठीच वाईट आहे.

पुढचा टप्पा १९९९चा, 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'. डॅनिअल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी तीन नवख्या नटांच्या हाती कॅमेरे दिले, त्यांना मेरीलँडच्या जंगलात सोडलं आणि आठ दिवसांत चित्रण उरकलं. नटांनी आपलीच खरी नावं वापरली. ते बेपत्ता असल्याचा बोभाटा इतका पद्धतशीर झाला की त्यातल्या मुलीच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. अगदी तुटपुंज्या पैशांत चित्रित झालेल्या या चित्रपटाने जगभरात जवळपास २५ कोटी डॉलर मिळवले. त्यातली चेटकीण एकदाही दिसत नाही. दाखवायला पैसे नव्हते, आणि न दाखवण्यातच फायदा होता.

एब्रम्स आणि रीव्हज यांची अडचण नेमकी इथे होती. चेटकीण न दाखवता भागतं. तीसचाळीस मजली इमारत आडवी करणारा राक्षस किती वेळ लपवणार? आणि दाखवायचा तर हलत्या, अस्थिर, मधूनच धूसर होणाऱ्या चित्रात. नेहमीच्या चित्रपटात संगणकावर घडवलेला प्राणी बसवायचा तर कॅमेऱ्याच्या हालचाली मोजूनमापून केलेल्या असतात. इथे कॅमेरा धावत्या माणसाच्या हातात. त्याचा प्रत्येक हिसका, प्रत्येक गचका संगणकात जसाच्या तसा उतरवायचा, मगच राक्षसाचा पाय रस्त्यावर टेकल्यासारखा दिसणार. चौकटीगणिक चालणारं हे काम डबल निगेटिव्ह आणि टिपेट स्टुडिओ या दोन कंपन्यांनी केलं. हौशी माणसाच्या चुकांची नक्कल करायला निष्णात माणसांची फौज लागली. अडीच कोटी डॉलर हा हॉलिवूडच्या हिशेबात किरकोळ खर्च, पण 'घरगुती व्हिडिओ'साठी तो चिक्कारच म्हणायचा.

राक्षसाची आखणी नेव्हिल पेज या कलाकाराची. त्याच्या आणि रीव्हजच्या मते तो प्राणी दुष्ट नव्हताच. ते एक पिल्लू होतं, आईपासून तुटलेलं, अनोळखी जागी बावचळलेलं, वर चारी बाजूंनी गोळीबार होतोय म्हणून आणखी बिथरलेलं. बुजलेला हत्ती पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटावं. चित्रपटात ही गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही, आणि हडला ती कळण्याचं कारणही नाही.

आता प्रेक्षागृहाकडे वळू, कारण या चित्रपटाची खरी गोष्ट तिथे घडली.

चित्रपट लागला आणि प्रेक्षकांना मळमळू लागलं. काहींना घेरी आली, काही उठून बाहेर गेले. एएमसी या अमेरिकेतल्या मोठ्या चित्रपटगृहसाखळीने तिकीट खिडकीजवळ फलक लावले: हा चित्रपट पाहताना रोलर कोस्टरमध्ये बसल्यासारखा त्रास होऊ शकतो. 'ब्लेअर विच'च्या वेळीही हेच झालं होतं, पण तिथे निदान पळापळ कमी होती.

असं का होतं, याचं उत्तर कानात आहे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला वळल्याची खबर जाते. शेजारचे दोन छोटे अवयव सरळ रेषेतली हालचाल आणि गुरुत्वाकर्षण टिपतात. डोळे वेगळी खबर देतात, स्नायू आणि सांधे तिसरी. सगळ्यांच्या खबरा जुळल्या की मेंदू निवांत. जुळल्या नाहीत की पोटात ढवळायला लागतं. घाटात एसटी लागते ती याचमुळे. कान सांगतो वळणं येताहेत आणि पुस्तकात खुपसलेले डोळे सांगतात सगळं स्थिर आहे. चित्रपटगृहात प्रकरण उलटं होतं. डोळे सांगतात आपण धावतोय, वळतोय, पडतोय, आणि कान ठामपणे म्हणतो, आपण खुर्चीत बसलोय. प्रयोगशाळेत हा झगडा मुद्दाम घडवतात. उभ्या पट्ट्यापट्ट्यांच्या फिरत्या पिंपात माणसाला बसवलं की थोड्याच वेळात त्याला वाटू लागतं, पिंप थांबलंय आणि आपणच फिरतोय. स्टेशनात शेजारची लोकल सुटली की आपलीच गाडी निघाल्याचा भास होतो, तो याच जातीचा.

पण झगडा झाला म्हणून उलटी का व्हावी? ऑक्सफर्डचे मिशेल ट्राइझमन यांनी १९७७मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक तर्क मांडला. निसर्गात डोळे आणि कान यांचं एकाएकी बिनसतं ते बहुधा काहीतरी विषारी पोटात गेल्यावर. तेव्हा मेंदू सावधगिरी म्हणून पोट रिकामं करायला सांगतो. हा तर्क सर्वमान्य नाही, पण चित्रपट पाहून उलटी होणाऱ्या प्राण्याबद्दल तो बरंच काही सांगतो. मेंदूला हडचा कॅमेरा हा विषबाधेचा पुरावा वाटतो.

या त्रासात एक अन्यायही आहे. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, शेजारी बसलेल्याला लागते. चालक वळण घेण्याआधीच त्याच्या मेंदूला वळण ठाऊक असतं. शेजारच्याला ते अचानक येतं. खुद्द कॅमेरा धरणाऱ्याला हे हिसके जाणवत नाहीत, कारण हिसका त्याचाच असतो. प्रेक्षकाला डोळे हडचे मिळतात, मान मिळत नाही. राक्षसाकडे मान वळवावी असं आपल्याला वाटतं तेव्हा हड पायाखाली बघत असतो, आणि डोळे मिटावेत असं वाटतं तेव्हा तो नेमका वर बघतो. भीती आणि मळमळ या दोन्हींचं मूळ या परावलंबनात आहे. म्हणून हाच चित्रपट घरच्या टीव्हीवर निम्माही अंगावर येत नाही. तिथे पडद्याभोवती भिंत दिसते, पंखा दिसतो, दाराची चौकट दिसते आणि डोळ्यांना धरायला काहीतरी स्थिर मिळतं. चित्रपटगृहात अंधार असतो आणि पुढच्या रांगेतल्या माणसाची तर नजर पडद्याच्या कडेपर्यंतही पोहोचत नाही. ज्यांना बस लागते त्यांनी असले चित्रपट मागच्या रांगेतून पाहावेत, त्रास झाला तर क्षणभर 'एक्झिट'च्या दिव्याकडे पाहावं, हे साधे उपाय खरोखर लागू पडतात. बाल्कनीचं जास्तीचं भाडं वसूल होण्याची ही दुर्मीळ संधी.

घरगुती कॅमेऱ्याने बनवल्याचं सोंग आणलेली ही गोष्ट राहते मात्र मोठ्या पडद्यावर. आवाजाचंही तेच. हातातल्या कॅमेऱ्याचा छोटा मायक्रोफोन राक्षसाची डरकाळी काय टिपणार? पण चित्रपटगृहात ती मागून, बाजूने, खुर्चीखालून येते. खोटेपणा आहे, आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. याउलट एक गोष्ट काढून घेतली आहे तीही चटकन ध्यानात येत नाही: पार्श्वसंगीत. पार्टीत वाजणारी गाणी सोडली तर पूर्ण चित्रपटात संगीत नाही. दचकायच्या आधी व्हायोलिन इशारा देतात, याची सवय झालेल्या प्रेक्षकाचा आधारच जातो. भुयारी रेल्वेच्या बोगद्यातला प्रसंग त्याचा नमुना. अंधारात चालताना हड कॅमेऱ्याचा दिवा लावतो. उंदरांचे थवेच्या थवे एकाच दिशेने पळताहेत, हे ध्यानात येतं. कशापासून पळताहेत? मग तो रात्रीचं दाखवणारं हिरवं बटण दाबतो आणि छताला लटकलेले जीव दिसतात. सूर नाही, ढोल नाही. बटण दाबल्याचा आवाज तेवढा.

तरीही प्रेक्षागृहात कुणीतरी पुटपुटतंच, "अरे, तो कॅमेरा टाक आणि पळ ना!"

हा या प्रकाराचा जुना रोग आहे आणि बहुतेक चित्रपट त्यावर थातूरमातूर औषध देतात. दिवा लागतो म्हणून कॅमेरा हवा, पुरावा हवा, वगैरे. 'क्लोव्हरफिल्ड'मध्ये हड म्हणतो, लोकांना हे पाहायचं असेल. २००८मध्ये हे उत्तर पोकळ वाटलं नाही, कारण अमेरिकेने ते आधीच पाहिलं होतं. ११ सप्टेंबर २००१ला फ्रेंच चित्रकर्मी ज्यूल नोदे न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलावर माहितीपट करत रस्त्यावर उभे होते. डोक्यावरून विमानाचा आवाज आला, त्यांनी कॅमेरा वर केला आणि पहिली धडक चित्रित झाली. मग जवानांबरोबर ते त्याच इमारतीच्या तळमजल्यावर गेले आणि कॅमेरा चालूच राहिला. पलीकडचा मनोरा कोसळला तेव्हा अंधार, धूळ आणि आवाज यांपलीकडे त्यात काही उरलं नाही. 'क्लोव्हरफिल्ड'मध्ये इमारत कोसळते, रस्त्याच्या टोकाकडून धुळीची भिंत धावत येते, लोक दुकानात घुसतात आणि थोड्या वेळाने राखेत माखलेली माणसं भुतासारखी बाहेर येतात. ही दृश्यं कुठून आली हे न्यूयॉर्ककरांना सांगावं लागलं नाही. काहींना हा जखमेवर मीठ चोळण्याचा धंदा वाटला, आणि तो आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. 'गोजिरा'ला बिकिनीची राख होती तशीच याला मॅनहॅटनची, इतकंच म्हणता येतं. फरक हा, की होंडा यांना बॉम्बबद्दल काही म्हणायचं होतं; एब्रम्स आणि मंडळींना कशाबद्दल म्हणायचं होतं हे शेवटपर्यंत उमगत नाही.

एका बाबतीत मात्र ते अचूक निघाले. मुंडकं रस्त्यावर येऊन पडतं तेव्हा काही लोक पळत नाहीत. ते जवळ जातात आणि मोबाइल काढून फोटो घेतात. पहिला आयफोन बाजारात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

नॉर्वेच्या आंद्रे ओव्रेदालने २०१०च्या 'ट्रोल हंटर'मध्ये हाच साचा घेतला आणि भीतीऐवजी मिश्कीलपणा ओतला. कॉलेजची पोरं अस्वलाच्या चोरट्या शिकाऱ्याचा माग काढतात, तर तो निघतो सरकारी नोकर. लोककथांतले ट्रोल खरेच आहेत आणि त्यांना आवरणं हे त्याचं खातं. बिचारा पगार आणि कागदपत्रांबद्दल कुरकुरत असतो. प्रत्येक ट्रोल मारल्यावर त्याला फॉर्म भरावा लागतो. डोंगरातून जाणाऱ्या विजेच्या उच्चदाबाच्या तारा म्हणजे खरं तर ट्रोलना अडवायचं कुंपण, अशी मखलाशी. शेवटी तेव्हाचे पंतप्रधान येन्स स्टोल्टनबर्ग पत्रकारांपुढे ट्रोल असल्याचं मान्य करताना दिसतात. ते चित्रण खरं आहे! ते बोलत होते 'ट्रोल' नावाच्या समुद्रातल्या तेल-वायू क्षेत्राबद्दल. सगळ्या खोट्या चित्रणातला हा एक अस्सल तुकडा, आणि सगळ्यात मोठी थाप त्यानेच मारली आहे.

भारतात हा प्रकार आला तो राक्षसाला वगळून. दिबाकर बॅनर्जींच्या 'लव्ह सेक्स और धोखा'त (२०१०) दुकानातला सीसीटीव्ही आणि स्टिंगचा छुपा कॅमेरा हेच साक्षीदार होते; २०११च्या 'रागिणी एमएमएस'मध्ये मुंबईबाहेरच्या बंगल्यात कॅमेरे आणि भूत एकत्र आलं; कन्नडमध्ये २०१३ला '६-५=२'ने ट्रेकला गेलेल्या सहा जणांची गोष्ट 'सापडलेल्या' चित्रणातून सांगितली. शहर तुडवणाऱ्या प्राण्याला जो खर्च लागतो तो हौशी दिसणाऱ्या चित्रासाठी करायला आपल्याकडचा निर्माता धजावत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. तसं पडद्यावरून अंगावर येणाऱ्या अजस्र वस्तूशी मुंबईची ओळख जुनी आहे. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात रुपयाचं तिकीट काढून लोकांनी ल्युमिएर बंधूंची जी चित्रं पाहिली, त्यांत स्टेशनात शिरणारी आगगाडीही होती. ती पाहून पॅरिसमधले प्रेक्षक खुर्च्या सोडून पळाले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. इतिहासकारांना तिचा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही.

आपल्याकडच्या चित्रपटगृहांत या प्रकाराचा एक खास शत्रू आहे: मध्यंतर. 'क्लोव्हरफिल्ड' अवघा ८५ मिनिटांचा. सगळी मदार एकाच गोष्टीवर, की ही सलग चाललेली टेप आहे आणि तिच्यातून सुटका नाही. अशा टेपच्या मध्येच दिवे लागतात, समोशाचा वास येतो, पडद्यावर साड्यांच्या दुकानाची जाहिरात झळकते आणि हड कुठल्या बोगद्यात होता ते आठवेपर्यंत पाच मिनिटं जातात. नेहमीच्या मसालापटाला मध्यंतर पचतं, कारण तो त्यासाठीच लिहिलेला असतो. याला ते मारक आहे. मळमळणाऱ्यांना तेवढाच दिलासा, हे खरं.

अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत चित्रपटाने सुमारे चार कोटी डॉलर कमावले, जानेवारीतला तेव्हाचा उच्चांक. पुढच्याच आठवड्याअखेरीस गल्ला दोन तृतीयांशाने घसरला. ज्यांना कुतूहल होतं ते बघून गेले, आणि ज्यांना त्रास झाला त्यांनी इतरांना सावध केलं. जगभरचा हिशेब तरीही १७ कोटींच्या वर गेला. पुढे २०१६ला आलेल्या '१० क्लोव्हरफिल्ड लेन'मध्ये नाव ठेवलं, हलता कॅमेरा टाकून दिला.

हडचा शेवट सेंट्रल पार्कमध्ये होतो. इथे प्रथमच राक्षस भरदिवसा, जवळून, वरून खाली वाकून बघताना दिसतो, आणि हड तेव्हाही कॅमेरा खाली करत नाही. मग कॅमेरा गवतात पडतो. धरणारं कुणी नाही, पण यंत्र चालू आहे. त्याचा ऑटोफोकस जवळच्या गवताच्या पात्यावर की मागच्या निश्चल चेहऱ्यावर ठरायचं, या संभ्रमात मागेपुढे होत राहतो. चित्रपटातला सर्वांत कसलेला क्षण हाच, आणि त्यात राक्षस नाही.

त्यानंतर टेपचा शेवटचा, न पुसला गेलेला तुकडा येतो. कोनी आयलंड, रॉब आणि बेथ, मागे समुद्र. दोघं हसत असताना उजव्या बाजूला दूर काहीतरी आकाशातून समुद्रात पडतं. चित्रपटगृहात पाहणाऱ्या बहुतेकांना ते दिसलंच नाही. घरी डीव्हीडी थांबवून, मागेपुढे करून पाहणाऱ्यांना ते सापडलं, आणि त्यांनाच 'किंग काँग', 'देम!' आणि 'द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स' या जुन्या राक्षसपटांतली लपवलेली एकेक चौकटही सापडली. सेकंदाचा चोविसावा भाग पडद्यावर राहणारी चौकट चित्रपटगृहात कोण पाहणार?

चित्रपटगृहातल्यांना मात्र एक गोष्ट मिळणार होती, थांबले असते तर. नावं सुरू झाली की मायकल जियाक्किनोची 'रोर!' ही वाद्यरचना वाजू लागते. दहाएक मिनिटं चालणारी, अकिरा इफुकुबे यांनी 'गोजिरा'ला दिलेल्या संगीताला उघड सलाम करणारी. चित्रपटासाठी बांधलेलं संगीत म्हणून जे काही आहे ते एवढंच. ती संपल्यावर क्षणभर खरखरीतून एक अस्पष्ट आवाज येतो. उलटा वाजवला तर तो 'अजून जिवंत आहे' असं काहीतरी म्हणतो, हे चाहत्यांनी नंतर शोधून काढलं. तोवर दारं उघडलेली होती, झाडूवाले आत आलेले होते आणि प्रेक्षक पार्किंगमध्ये पोहोचलेले होते.